वाळवंटात घाम दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल संपत आला. आमच्या चिपळूणच्या आळीतूनच यंदा तीन जोडपी मुलांकडे अमेरिकेला निघाली आहेत. भाजणी किती किलो नेता येते, कुळथाचे पीठ विमानतळावर अडवतात का, सहा महिन्यांची औषधे हातातल्या पिशवीत ठेवायची की मोठ्या बॅगेत, या चौकशा माझ्याकडे रोज येतात आणि मी हौसेने उत्तरे देते. पण एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि ती मलाच सांगायची आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सुट्टी असते. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ असलेला हा दिवस शनिवार-रविवारला जोडून आला की मुले गाडी काढतात आणि आईबाबांना घेऊन लांब कुठेतरी जातात. पुष्कळदा ते ‘लांब कुठेतरी’ वाळवंट असते. डेथ व्हॅली, झायन, आर्चेस, ग्रँड कॅन्यन, नाहीतर आम्ही गेलो ते कॅलिफोर्नियातले जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान. तिथे गेल्या मे महिन्यात आमच्या घरातले माणूस थोडक्यात वाचले. म्हणून हे पत्र.

मुलगा कॅलिफोर्नियातच, सनीव्हेलला राहतो. आम्ही दोघे मार्चमध्ये गेलो होतो आणि मेच्या सुरुवातीला आमच्या विहीणबाईही अकोल्याहून आल्या. शुक्रवार, २३ मेला दुपारी सात माणसांच्या गाडीतून आम्ही सहा जण निघालो. मुलगा, सून, सात वर्षांची नात, हे, मी आणि विहीणबाई. एरवी आठ तासांची वाट, सुट्टीच्या गर्दीत ती अकरा तासांची झाली. बदामाच्या बागा मागे पडल्या. बेकर्सफील्डनंतर तेहाचपीच्या डोंगरावर पवनचक्क्यांचे रान लागले. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर आहेत तशाच, पण नजर जाईल तिथपर्यंत. बार्स्टो ओलांडले तेव्हा अंधार होता. उद्यानालगतच्या ट्वेंटीनाइन पाम्स गावातल्या मोटेलवर पोहोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

इथेच एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मते सगळे प्रकरण इथून सुरू झाले. त्या अकरा तासांत मी दोन घोट पाणी प्यायले असेन. विहीणबाई मागून बाटली पुढे करत होत्या, मी परत देत होते. कारण साधे आहे. गाडी मुलाची, घाई मुलाची, रस्त्यावर गर्दी. सारखे ‘थांबव रे जरा’ कसे म्हणायचे? माझ्या वयाच्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आम्ही एसटीच्या प्रवासात हेच केले, शाळेत पाच तास स्वच्छतागृह नसायचे तिथेही हेच केले. घरातून निघताना पाणी प्यायचे नाही, हे अंगवळणी पडलेले असते. यांचीही तऱ्हा वेगळी नव्हती, कारण रक्तदाबाच्या गोळीमुळे त्यांना वरचेवर जावे लागते आणि त्याचा त्यांना संकोच वाटतो. म्हणजे आम्ही वाळवंटात पाऊल टाकले तेच कोरड्या अंगाने.

शनिवार मात्र फार सुखाचा गेला. उद्यान केवढे आहे म्हणाल, तर सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर. मोहावी आणि कोलोरॅडो अशी दोन वाळवंटे तिथे एकमेकांना भेटतात. उंचावर मोहावी आणि खालच्या अंगाला कोलोरॅडो. जोशुआची झाडे उंचावरच्या भागात. झाड म्हणायचे, पण ते आहे आपल्या घायपाताच्या कुळातले. खोडाला वर्षांची वलये नसतात, त्यामुळे वय नेमके सांगता येत नाही. वर्षाला जेमतेम दोन-तीन बोटे वाढते. पांढरट फुलांचे घोस येतात. त्यांचे परागीभवन एक लहानसा पतंग करतो. तो फुलातच अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या थोडे बी खाऊन वाढतात. झाडाचे पतंगावाचून चालत नाही आणि पतंगाचे झाडावाचून. नातीने तिथल्या लहान मुलांसाठीच्या पुस्तिकेत त्याचे चित्र रंगवले, वनरक्षक बाईंपुढे हात वर करून शपथ घेतली आणि छातीवर बिल्ला लावून घेतला. माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत मुलांना निसर्ग शिकवायची इतकी सोपी आणि गोड रीत मी पाहिली नव्हती.

हे उद्यान उभे राहिले त्यामागेही एक बाई आहे. मिनर्व्हा हॉइट यांचे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नसेल. १९२०च्या दशकात लोक मोटारी घेऊन वाळवंटात यायचे आणि निवडुंग, झाडे मुळासकट उपटून आपल्या बागेत लावायला न्यायचे. या बाईंनी प्रदर्शने भरवली, सरकारदरबारी खेटे घातले आणि १९३६च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा प्रदेश राखीव केला. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९९४ साली मिळाला.

शनिवारी रात्री तारे पाहायला गेलो. अमावास्या तोंडावर आली होती. दिवा नाही, गाव नाही. सप्तर्षी, चित्रा, स्वाती आणि मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला वृश्चिकाचा तो आकडा, ज्येष्ठेचा तांबडा ठिपका आणि त्याच्या डावीकडून वर येणारी आकाशगंगा. विहीणबाई म्हणाल्या, लहानपणी खळ्यावर झोपायचो तेव्हा असे आभाळ दिसायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. झोपायला दोन वाजले. म्हणून रविवारी उठायला उशीर झाला. दशम्या आणि चहा होईतो साडेआठ. उद्यानाच्या दारावर गाड्यांची रांग. आतल्या रायन माउंटन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा नाही, तीन फेऱ्या मारल्यावर एक मिळाली. चढायला लागलो तेव्हा घड्याळात दहा चाळीस झाले होते.

रायन माउंटनची उंची ५,४५८ फूट. हे ऐकून यांना स्फुरण चढले, कारण आपले कळसूबाई शिखर ५,४०० फुटांचे. बारी गावातून शिड्या चढून ते त्यांनी चार वेळा सर केलेले आहे, दोनदा मीही सोबत होते. आणि इथे तर गाडीच चार हजारांच्या वर नेऊन सोडते. चढ फक्त एक हजार पन्नास फुटांचा, जाऊन-येऊन तीन मैल, म्हणजे पाच किलोमीटरही नाही. बांधीव दगडी पायऱ्या, शिड्या नाहीत, घसारा नाही. मुलाने फोनवर तापमान दाखवले, ३१ अंश. चिपळूणला मे महिन्यात यापेक्षा जास्त असते. हे म्हणाले, “जेवायला परत येऊ.”

पाण्याचा हिशोब आता सांगते. अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांचा गठ्ठा आणला होता. प्रत्येकाच्या हातात एक दिली आणि मुलाने पिशवीत दोन जास्तीच्या घेतल्या. सहा माणसांत चार लिटर. बाकीच्या बर्फाच्या पेटीत, गाडीत. ओझे नको म्हणून. उद्यानाची सूचना अशी आहे की माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर, पाणी ठेवावे आणि चालणार असाल तर त्याहून जास्त. उद्यानाच्या आत दुकान नाही. पाणी मिळते ते कडेच्या मोजक्या ठिकाणी, आणि त्यातले कुठलेच रायन माउंटनच्या पायथ्याशी नाही. हे सगळे लिहिलेले होते. आम्ही वाचलेही होते.

आता मूळ मुद्द्यावर येते. कोकणातला माणूस ऊन मोजतो ते घामाने. सदरा पाठीला चिकटला, पदर भिजला की आपण समजतो की आता बसावे, पाणी प्यावे. आमचे सगळे आयुष्य या एका खुणेवर चालले आहे. रायन माउंटनवर ती खूण नव्हती. तासभर चढलो, अंग कोरडे. वारा लागत होता, छान वाटत होते. मी तर सुनेला म्हणाले, “बघ, घामसुद्धा नाही आला.” हवेतला दमटपणा दहा-बारा टक्के होता, हे नंतर कळले. एवढ्या कोरड्या हवेत घाम कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो. अंगातले पाणी जात असते, दिसत नाही इतकेच. आणि आम्ही न दिसण्यालाच न जाणे समजत होतो.

हे विहीणबाईंना बरोबर ठाऊक होते. त्या बार्शीटाकळी तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. अकोल्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला सुकी धग शिकवावी लागत नाही. निघताना त्या एकट्याच दोन पेले पाणी बसून प्यायल्या होत्या. डोक्याला, कानाला, मानेला पांढरा सुती दुपट्टा गुंडाळलेला. ओंजळभर गूळ आणि मिठाची पुडी ओच्यात. आम्हाला तो जरा अतिरेकच वाटला होता, हे कबूल करते. शिखर पंधरा-वीस मिनिटांवर राहिले असेल, तेव्हा त्या यांच्या मागे चालत होत्या. त्या एकदम थांबल्या आणि मला हाक मारली. यांच्या निळ्या सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध आणि काखेखाली पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. ओहोटीनंतर खडकावर राहते तशी मिठाची किनार. मी बोट लावून पाहिले, खरखरीत लागले. विहीणबाई म्हणाल्या, “अवो ताई, घाम दिसून नाई राह्यला म्हनजे येऊन नाई राह्यला असं नसते. हवा पिऊन राह्यली तो. आता वर नाई जायचं. माघारी फिरा.”

हे रागावले. ते कधी रागावत नाहीत, चाळीस वर्षांत विहिणीसमोर तर नाहीच नाही. “एवढ्यासाठी मागे फिरायचे?” म्हणाले, आणि पुढचा शब्द अडखळला. मुलगा म्हणाला, “बाबा, दहा मिनिटं बसू आणि वर जाऊन येऊ, एवढं आलोय.” त्याला दोष देत नाही. एवढी गाडी चालवून, एवढी हौस करून आणलेले. पण विहीणबाई पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या. मुलीच्या सासऱ्यांची वाट अडवायची हे त्यांच्या पिढीच्या बाईला किती जड गेले असेल, ते ज्यांना कळते त्यांनाच कळेल. चिडचिड हीच ऊन लागल्याची पहिली खूण असते, हे त्यांनी मला रात्री सांगितले. त्यांच्याकडे शेतावर गडी विनाकारण तडकला की त्याला आधी सावलीत बसवतात.

उतरताना निम्म्या वाटेवर हे खाली बसले. डोके ठणकते म्हणाले आणि मग उलटी झाली. चेहरा पांढराफटक. सावलीसाठी झाड शोधावे, तर त्या डोंगरावर सावली देणारे झाड नाही. एका मोठ्या खडकाच्या कडेला हातभर सावली होती, तिथे त्यांना टेकवले. फोनला रेंज नाही, कुणाचीच नाही. सगळ्यांच्या बाटल्या मिळून दीड बाटली पाणी राहिले होते. मुलगा गाडीतल्या बाटल्या आणायला पळत खाली गेला. त्या अर्ध्या तासात मी काय काय मनात आणले ते लिहवत नाही. वरून उतरणारे एक मध्यमवयीन जोडपे थांबले. त्यांनी आपले पाणी दिले, पाण्यात घालायची क्षारांची पुडी दिली, आणि मुलगा परत येईपर्यंत ती बाई आपली छत्री यांच्या डोक्यावर धरून उभी होती. नाव विचारायचेही सुचले नाही. विहीणबाईंनी दुपट्टा सोडला, अर्धा ओला केला आणि यांच्या मानेवर ठेवला. घोट-घोट पाणी, जिभेवर चिमूटभर मीठ, थोडा गूळ. घटाघट पिऊ दिले नाही. माझी नात बिल्ल्यावर हात ठेवून आजोबांना हातातल्या पुस्तिकेने वारा घालत होती.

एरवी पाऊण तासाच्या उताराला आम्हाला दोन तास लागले. संध्याकाळी मोटेलच्या खोलीत, ओला पंचा अंगावर घेऊन हे पडले होते, लघवी झाली आणि ती गडद होती, तेव्हा सुनेने डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. तिने सगळे नीट विचारले, पहिला प्रश्न गोळ्यांचा. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. अशा औषधाने शरीरातले पाणी आणि क्षार आधीच कमी होत असतात, त्यात ऊन आणि चढ, म्हणजे दुहेरी मार. सुदैवाने दवाखान्यात न्यावे लागले नाही. मुलाला आणि सुनेला ही गोळी कुठली ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले. आम्हीच कधी सांगितले नव्हते. मुले दूर राहतात, उगाच काळजी करतील, म्हणून.

गावात आल्यावर फोनला रेंज आली आणि माझ्या फोनवर टणटण निरोप पडायला लागले. जाऊबाईंचे, शाळेतल्या मैत्रिणींचे. कोकणात मॉन्सून आला, तोही मे महिन्यात! कुणी पागोळ्यांची चित्रफीत पाठवली होती, कुणी अंगणातल्या चिखलाची. मी तो पावसाचा आवाज यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, “विहीणबाईंना सांग, मी चुकलो.” त्या शेजारच्या खोलीत नातीला जेवू घालत होत्या. मी जाऊन सांगितले तर म्हणाल्या, “कायचं चुकलं? उनाले कोनाचं वय समजते?”

संपादक महोदय, मी वाळवंटाला जाऊ नका असे म्हणत नाही. मी ते आभाळ पाहिले आहे, ती झाडे पाहिली आहेत आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर पाहावी. पण जाणाऱ्या आईबाबांना माझी हात जोडून विनंती आहे की भीड सोडा. गाडीत बाथरूमसाठी पाच वेळा थांबायला सांगा. अशा वाटांच्या पायथ्याशी बहुतेक ठिकाणी साधे शौचकूप असतेच. जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा की माझी गोळी उन्हात आणि चढावर चालेल का, आणि त्यांना विचारल्यावाचून ती बंद मात्र करू नका. गोळ्यांची नावे मुलाला, सुनेला, मुलीला, जावयाला लिहून द्या. आणि मधूनमधून एकमेकांचे सदरे पाठीमागून पाहा. पांढरी रेघ दिसली की परत फिरायचे. अर्धे पाणी संपले की शिखर कितीही जवळ असो, परत फिरायचे. कारण उतरायलाही पाणी लागते.

मुलांनाही दोन शब्द. तुमची सुट्टी तीन दिवसांची असते, आणि तीन दिवसांत सगळे दाखवायचे म्हणून तुम्ही रात्र-रात्र गाडी चालवता. आम्हाला ते दिसते आणि म्हणूनच आम्ही ‘दमलो’ म्हणत नाही. आमच्या ‘नाही रे, ठीक आहे’वर विश्वास ठेवू नका. चढायचे असेल तर उजाडताना चढा. डेथ व्हॅलीत तर उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात चालूच नका असे उद्यानवालेच बजावतात. १९१३च्या जुलैमध्ये तिथे ५६.७ अंशांची नोंद झाली होती. उशीर झाला तर तो दिवस गाडीतूनच फिरा. गाडीत ठेवलेले पाणी डोंगरावर उपयोगी पडत नाही, ते पाठीवर घ्या. आणि जमत असेल तर आईबाबांना मेऐवजी नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत न्या.

आम्ही तेच करणार आहोत. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारीही तिकडे अशीच जोडून सुट्टी असते, शिवजयंतीच्या आगेमागे. यांनी आतापासून घोषणा केली आहे की उरलेली पंधरा मिनिटे पुढच्या फेब्रुवारीत चढायची आणि १९ तारखेपर्यंत सनीव्हेलला परत यायचे. हल्ली ते रोज सकाळी गोविंदगडाच्या पायऱ्या चढून येतात, पाण्याची बाटली घेऊन. विहीणबाईही येणार आहेत. त्यांनी मुलाला बजावून ठेवले आहे की या वेळी माणशी पाच लिटरचा एक कॅन हवा, आणि त्यावर ज्याचे त्याचे नाव.

पत्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात छापता आले तर यंदा निघालेल्यांच्या हाती वेळेवर पडेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण